एका आज्ञेखालीं हजारों यंत्रें



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्यांच्या घरांतील कोणी ना कोणी बँकेंत, विमाकंपनींत, कारखान्यांत किंवा सरकारी कचेरींत कामास जातें, त्यांच्या नित्य परिचयाचाच तो आहे. सकाळीं कारकून आपल्या टेबलाशीं बसतो, संगणक सुरू करतो आणि आपलें नांव व पासवर्ड लिहितो. पांच-दहा मिनिटें हात थांबले तर पडदा आपोआप बंद होतो. घरून आणलेला पेन ड्राइव्ह लावला तर तो उघडत नाहीं. पडद्यावरचें कंपनीचें चित्र बदलूं म्हटलें तर बदलतां येत नाहीं. दुसऱ्या विभागांत बदली झाली तर तेथील प्रिंटर न मागतां त्याच्या यादींत येऊन बसतो. यंत्र समोर आहे, पण त्याचा कारभार दुसरीकडून चालला आहे. हा कारभार एके ठिकाणीं कसा गोळा झाला, त्यापासून लाभ कोणता झाला आणि भय कोणतें उत्पन्न झालें, याचा इतिहास मी आज थोडक्यांत सांगणार आहें.

संगणकाच्या जगांत मध्यवर्ती सत्ता ही मुळांत नवी नव्हे. १९६४ सालीं आय. बी. एम. कंपनीनें 'सिस्टिम ३६०' या मालिकेंतील यंत्रें जाहीर केलीं. त्या काळीं मोठ्या संस्थेचा संगणकहि बहुधा एकच असे. तो स्वतंत्र, थंड ठेवलेल्या दालनांत असे आणि नेमलेल्या माणसांखेरीज कोणाचा हात त्यास लागत नसे. पुढें टेबलाटेबलावर टर्मिनलें आलीं, तरी तीं त्या एका यंत्राच्या खिडक्याच होत्या. नियम एके ठिकाणीं लिहिला कीं तो सर्वांस लागू होई, कारण यंत्र एकच होतें. शिस्तीसाठीं निराळी योजना करावी लागत नसे.

ही स्थिति पालटली ती १२ ऑगस्ट १९८१ रोजीं. त्या दिवशीं त्याच कंपनीनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. पुढील दहा वर्षांत अशीं लक्षावधि यंत्रें कचेऱ्यांत शिरलीं. हिशेबनीसास आतां मोठ्या यंत्राच्या रखवालदारांकडे वेळ मागत बसण्याचें कारण उरलें नाहीं, आणि हा लाभ लहान नव्हता. परंतु प्रत्येक टेबल हें आतां एक स्वतंत्र संस्थान झालें. एका खोलींतील दोन यंत्रांची मांडणी सारखी असेल याचा भरंवसा राहिला नाहीं. नवा प्रोग्राम बसवावयाचा तर तंत्रज्ञानें फ्लॉपींचा गठ्ठा घेऊन टेबलामागून टेबल फिरावें. पांचशें यंत्रें असतील तर पांचशें वेळां तेंच काम, आणि शेवटच्या टेबलाशीं पोंचेपर्यंत पहिल्या टेबलावरील मनुष्यानें सर्व मांडणी पुन्हां बदललेली असावयाची.

या अव्यवस्थेंतून मार्ग काढण्याचे दोन प्रयत्न जवळजवळ एकाच वेळीं सुरू झाले. पहिला व्यापारी होता. अमेरिकेंतील युटा प्रांतांतल्या नॉव्हेल कंपनीनें १९८३ सालीं 'नेटवेअर' नांवाची प्रणाली विक्रीस आणली. हिच्या योगानें अनेक यंत्रें एका सर्व्हरशीं जोडतां येत. मनुष्य आपलें नांव देऊन आंत आला कीं सर्व्हरवर ठेवलेली आज्ञांची एक छोटी यादी त्याच्या यंत्रावर चाले आणि कोणतें कपाट उघडावें, कोणता प्रिंटर वापरावा, हें ठरवून देई. ही यादी म्हणजे आजच्या मध्यवर्ती नियमांचें प्रथम स्वरूप होय.

दुसरा प्रयत्न विद्यापीठांतला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें १९८३ सालींच डिजिटल आणि आय. बी. एम. या कंपन्यांच्या साहाय्यानें 'प्रोजेक्ट अथीना' हा उपक्रम आरंभिला. तो १९९१ पर्यंत चालला. विद्यार्थ्यानें आवारांतील कोणत्याहि यंत्रासमोर बसावें आणि त्यास आपलींच कागदपत्रें व आपलीच मांडणी तेथें मिळावी, हा त्याचा उद्देश. अशा व्यवस्थेंत यंत्रास स्वतःचें असें फारसें कांहीं राहत नाहीं. एक बिघडलें तर दुसरें त्याच्या जागीं ठेवतां येतें. पण समोर बसलेला मनुष्य तोच कशावरून, हा प्रश्न उरला. त्यावर तेथील मंडळींनीं जी योजना केली, तिला ग्रीक पुराणांतील पाताळाच्या द्वारीं बसणाऱ्या तीन शिरांच्या कुत्र्याचें, केर्बेरॉसचें, नांव दिलें. हिच्यांत पासवर्ड तारेवरून प्रवास करीत नाहीं. मध्यवर्ती द्वारपाल ओळख पटवून घेतो आणि ठराविक मुदतीचें तिकीट देतो. पुढें प्रत्येक दाराशीं तें तिकीट दाखवावयाचें. आज जगांतील असंख्य कचेऱ्यांत सकाळीं दार उघडतें तें याच पद्धतीनें.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १९९३ सालीं 'विंडोज एनटी' ही प्रणाली आणली. तींत अनेक यंत्रांचा मिळून एक 'डोमेन', म्हणजे एक इलाखा, करण्याची सोय होती. इलाख्यांतील सर्व माणसांचीं खातीं एका मुख्य सर्व्हरवर राहत. त्यानंतर 'विंडोज ९५' आणि १९९६ सालची 'विंडोज एनटी ४.०' यांच्याबरोबर 'सिस्टिम पॉलिसी' आली. व्यवस्थापकानें नियम एका फाईलींत लिहून ती सर्व्हरवर ठेवावी आणि मनुष्य आंत येतांच त्याच्या यंत्रानें ती वाचून नियम आपल्या 'रजिस्ट्रीं'त, म्हणजे आपल्या अंतर्गत नोंदवहींत, उतरून घ्यावेत, अशी ही रीत होती.

हिच्यांत एक मोठी अडचण निघाली. नियम एकदां नोंदवहींत उतरला कीं मूळ फाईलींतून तो काढून टाकला तरी यंत्रावर तो तसाच राही. तंत्रज्ञ मंडळी याला 'गोंदणें' असेंच म्हणत. नियम मागें घ्यावयाचा तर त्याच्या उलट अर्थाचा दुसरा नियम काढून तो सर्वत्र पोंचण्याची वाट पाहावी लागे. जो हुकूम रद्द करतां येत नाहीं तो काढतांना शहाणा अधिकारी कचरतो. त्यामुळें या साधनाचा उपयोग पुष्कळ ठिकाणीं जपूनच होत असे.

१७ फेब्रुवारी २००० रोजीं 'विंडोज २०००' बाजारांत आली आणि तिच्याबरोबर 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी' व 'ग्रुप पॉलिसी' हीं दोन साधनें आलीं. व्यवसायी जगांतील यंत्रांचा कारभार आज ज्या पायावर उभा आहे तो मुख्यतः येथें घातला गेला. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ही संस्थेची वंशावळच म्हणा ना. संस्थेंतील प्रत्येक मनुष्य आणि प्रत्येक यंत्र यांची तींत नोंद असते, आणि खातीं, शाखा, उपशाखा अशी तिची झाडासारखी रचना असते. या झाडाच्या हव्या त्या फांदीवर नियमांचा एक संच टांगावा म्हणजे तिच्याखालच्या सर्वांस तो लागू होतो. लेखाविभागास एक, गुदामास दुसरा, संचालकांच्या कचेरीस तिसरा. ओळख पटविण्यासाठीं केर्बेरॉसच घेतलेला होता. गोंदण्याचा दोषहि नाहींसा केला होता: धोरणाचे नियम नोंदवहीच्या स्वतंत्र भागांत लिहिले जात, म्हणून वरून नियम काढला कीं यंत्रावरूनहि तो जाई.

दोन नियम परस्परविरुद्ध निघाले तर कोणता मानावा? येथें या योजनेची घडण पाहण्याजोगी आहे. प्रथम यंत्राचा स्वतःचा नियम लावला जातो, मग त्या स्थळाचा, मग संपूर्ण इलाख्याचा आणि शेवटीं विभाग-उपविभागांचा. जो मागाहून लागतो तो आधींच्यास झांकतो. म्हणजे शिक्षणखात्याचें परिपत्रक, शाळेचा नियम आणि वर्गशिक्षकाची सूचना यांत विरोध आला तर येथें वर्गशिक्षकाची सूचना चालते. आम्हां शाळामास्तरांना हें ऐकून नवल वाटेल, पण त्यांत व्यवहारज्ञान आहे. गुदामांतील यंत्रास काय सोईचें, हें गुदामाजवळच्यास अधिक कळतें. उपविभागास वरून वारशानें आलेले नियम अडविण्याचीहि सोय दिली आहे. परंतु याबरोबरच वरिष्ठास एक राखीव अधिकार ठेवला आहे. एखाद्या नियमावर त्यानें 'सक्तीचा' अशी खूण केली कीं खालच्या कोणासहि तो झांकतां येत नाहीं व अडवितांहि येत नाहीं. स्थानिकांस मोकळीक, आणि मोजक्या बाबतींत मध्यवर्ती सत्तेचा शब्द अखेरचा, अशी ही एक छोटी राज्यघटनाच आहे.

हुकूम पोंचण्याची रीतहि ध्यानांत घेण्यासारखी आहे. सर्व्हर हुकूम घेऊन यंत्रांकडे जात नाहीं. प्रत्येक यंत्र स्वतःच सर्व्हरकडे येऊन नवें कांहीं आहे काय, असें विचारतें. तें सुरू होतांना विचारतें, मनुष्य आंत येतांना विचारतें आणि त्यानंतर साधारणतः दर ९० मिनिटांनीं विचारतें. या ९० मिनिटांत प्रत्येक यंत्र आपल्याकडून शून्य ते ३० मिनिटांची कमीअधिक भर घालतें. दहा हजार यंत्रांनीं एकाच क्षणीं दार ठोठावूं नये, एवढ्यासाठीं ही युक्ति. हिचें महत्त्व पुढें दिसेलच.

या साधनाचा लाभ किती मोठा, हें अमेरिकन सरकारच्या एका उपक्रमावरून दिसतें. मार्च २००७ मध्यें तेथील अर्थसंकल्प-कार्यालयानें सर्व मध्यवर्ती खात्यांस लिहिलें कीं, विंडोज एक्सपी आणि व्हिस्टा चालविणाऱ्या संगणकांची सुरक्षाविषयक मांडणी १ फेब्रुवारी २००८ पर्यंत एका ठराविक नमुन्यावर आणावी. हवाईदलानें असा नमुना आधींच वापरून पाहिला होता. साध्या कर्मचाऱ्यास यंत्रावर व्यवस्थापकाचे अधिकार असूं नयेत, पासवर्ड अमुक लांबीचा असावा, अनावश्यक सेवा बंद ठेवाव्यात, असे शेंकडों नियम त्यांत होते, आणि ते ग्रुप पॉलिसीच्या तयार संचांच्या रूपानें खात्यांना पुरविले गेले. फ्लॉपी घेऊन फिरणाऱ्या तंत्रज्ञास हें जन्मांत साधलें नसतें.

येथवर झाली ती लाभाची बाजू. आतां दुसरी बाजू पाहूं.

२००६ सालीं मायक्रोसॉफ्टनें डेस्कटॉपस्टँडर्ड नांवाची एक कंपनी विकत घेतली आणि तिचें साधन २००८ पासून ग्रुप पॉलिसींत समाविष्ट केलें. त्याच्या योगानें सर्व यंत्रांवरील स्थानिक व्यवस्थापकाचा पासवर्ड एका फटक्यांत बदलतां येई. हा पासवर्ड ज्या फाईलींत ठेवला जाई ती इलाख्यांतील प्रत्येक खातेदारास वाचतां येत असे. पासवर्ड गुप्तलिपींत होता खरा, परंतु ती लिपि उलगडण्याची किल्ली कंपनीनें आपल्या तांत्रिक माहितीपत्रकांत छापलेली होती. तिजोरीस कुलूप आणि किल्ली दारावर टांगलेली, असा हा प्रकार झाला. मे २०१४ मध्यें कंपनीनें दुरुस्ती काढून ही सोय बंद केली. तरी आधीं लिहून ठेवलेले पासवर्ड त्या दुरुस्तीनें पुसले गेले नाहींत, ते ज्याचे त्यानें शोधून काढावयाचे होते. मे २०१५ मध्यें कंपनीनें दुसरें साधन दिलें. त्यांत प्रत्येक यंत्राचा पासवर्ड निराळा असतो आणि तो वेळोवेळीं आपोआप बदलतो.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, २७ जून २०१७ रोजीं, या मध्यवर्ती रचनेवर आजवरचा एक अत्यंत भयंकर आघात झाला. युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीबरोबर 'नॉटपेट्या' नांवाचा विध्वंसक प्रोग्राम सोडण्यांत आला. तो विंडोजमधील एका भगदाडांतून शिरे, आणि त्याहूनहि घातक गोष्ट म्हणजे, यंत्राच्या स्मृतींत राहिलेले व्यवस्थापकांचे पासवर्ड उचलून त्यांच्या बळावर पुढच्या यंत्रावर जाई. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजकंपनीचें जाळें त्यानें उध्वस्त केलें. त्याची झळ थेट महाराष्ट्रापर्यंत पोंचली. मुंबईसमोर न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदरांत मर्स्क समूहाचें एक कंटेनर टर्मिनल आहे. तेथील काम बंद पडलें. कीव्हमध्यें निघालेली आग उरणच्या किनाऱ्यास लागावयास एक दिवसहि लागला नाहीं.

मर्स्कच्या अध्यक्षांनीं पुढें जानेवारी २०१८ मध्यें सांगितलें कीं, कंपनीस ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्यानें उभे करावे लागले. कंपनीनें आपलें नुकसान २५ ते ३० कोटि डॉलरांच्या घरांत सांगितलें. याहून मार्मिक हकीकत 'वायर्ड' मासिकानें त्याच वर्षीं छापली. इलाख्याची वंशावळ राखणारे सुमारे दीडशें सर्व्हर कंपनीपाशीं होते. ते एकमेकांच्या प्रती ठेवीत, म्हणून एक गेला तरी दुसरा आहे, असा विश्वास होता. ते सर्व एकाच वेळीं जातील ही कल्पना कोणीं केली नव्हती. घानामधील कचेरींत त्या वेळीं वीज गेली होती, आणि तेथील एक सर्व्हर त्यामुळें बंद होता. तेवढाच वांचला. त्यांतील माहिती माणसांच्या हातीं विमानानें लंडनला नेण्यांत आली आणि तिच्यावरून सारी रचना पुन्हां बांधली गेली.

नॉटपेट्यानें ग्रुप पॉलिसीचा उपयोग केला नव्हता. त्यानें तिचें सिंहासन तेवढें जाळलें. पुढें शत्रूनें त्या सिंहासनावर बसूनच हुकूम सोडल्याचेंहि उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२२ मध्यें, रशियाच्या आक्रमणाच्या आदल्या दिवशीं, युक्रेनमधील अनेक संस्थांच्या संगणकांवरील माहिती पुसून टाकणारा प्रोग्राम सोडण्यांत आला. ईसेट या सुरक्षाकंपनीच्या संशोधकांस आढळलें कीं, त्यांपैकीं एका संस्थेंत हा प्रोग्राम इलाख्याच्या मुख्य ग्रुप पॉलिसीमार्फतच वाटला गेला होता. यंत्रांनीं आपल्या शिस्तीप्रमाणें वर विचारलें, वरून हुकूम आला, आणि तो त्यांनीं पाळला. यंत्राच्या दृष्टीनें त्यांत कांहींच गैर नव्हतें.

आणि अनर्थ घडण्यास दुष्ट बुद्धीचीच गरज असते असेंहि नाहीं. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या सुरक्षाकंपनीनें आपल्या रक्षक-प्रोग्रामसाठीं एक लहानशी फाईल जगभर धाडली. तींत दोष होता. ७८ मिनिटांत ती मागें घेतली गेली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांवर त्या अवधींत परिणाम झाला. भारतांतील कांहीं विमानतळांवर त्या दिवशीं प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ही व्यवस्था ग्रुप पॉलिसीहून निराळी, परंतु तत्त्व तेंच: एक जागा आणि असंख्य यंत्रें. फाईल आधीं थोड्या यंत्रांवर आणि मग बाकीच्यांवर, अशा टप्प्यांनीं सोडली असती तर हानि पुष्कळच आटोपती. पुढें कंपनीनें तशीच पद्धति ठेवण्याचें ठरविलें. बंद पडलेल्या यंत्रांपैकीं फार मोठ्या संख्येस दूरवरून दुरुस्त करतां येईना. म्हणून २०२४ सालींहि तंत्रज्ञ १९८५ सालाप्रमाणें टेबलामागून टेबल फिरत होते.

या सर्व अनुभवावरून जे उपाय निघाले आहेत ते राज्यशास्त्राच्या वाचकास ओळखीचे वाटतील. मुख्य सर्व्हरची किल्ली ज्यांच्याकडे त्यांनीं तीच किल्ली घेऊन साध्या टेबलावरील यंत्रावर बसूं नये. त्यांचें यंत्र आणि त्यांचें खातें स्वतंत्र असावें. धोरणांत बदल एकानें लिहावा आणि मंजुरी दुसऱ्यानें द्यावी. यासाठीं साधनेंहि झालीं आहेत. नवा नियम प्रथम दहा यंत्रांवर, मग शंभरांवर आणि मग सर्वांवर लावावा. वंशावळीची एक प्रत जाळ्यापासून तोडून ठेवावी, म्हणजे घानांत जें वीज गेल्यामुळें घडलें तें योजनेनें घडेल. २०११ सालीं आलेल्या 'इंट्यून'सारख्या सेवांमुळें आतां हा कारभार पुष्कळ संस्थांत इंटरनेटवरून, दुसऱ्याच्या सर्व्हरवरून चालतो. कर्मचारी घरीं बसून काम करीत असला तरी नियम त्याच्यापर्यंत पोंचतात. सत्तेची जागा त्यामुळें आणखी दूर गेली, पण प्रश्न तेच राहिले.

मध्यवर्ती सत्ता टाकून द्यावी असें मात्र कोणी म्हणूं नये. ती नसेल तर एकेका यंत्रावरील जुनें भगदाड वर्षानुवर्षें उघडें राहील. कर्मचाऱ्यास पडदा वारंवार बंद होण्याचा कंटाळा येतो हें खरें. परंतु तो नियम त्याच्याप्रमाणेंच ग्राहकाच्या ठेवीचें व रुग्णाच्या कागदांचेंहि रक्षण करतो. ज्या वस्तूविषयीं आपण सहसा विचारीत नाहीं ती निराळीच आहे. प्रत्येक मोठ्या संस्थेंत चार-सहा माणसें अशीं असतात कीं, त्यांच्या एका आज्ञेनें सर्व यंत्रें चालतात किंवा थांबतात. तीं बहुधा प्रामाणिक आणि कष्टाळू असतात, रात्रीअपरात्रीं जागतात, आणि संचालकांस त्यांचीं नांवेंहि ठाऊक नसतात. बँकेच्या तिजोरीस दोन किल्ल्या असाव्यात आणि त्या दोघांकडे असाव्यात, हें आपल्याकडे पूर्वींपासून ठरलेलें आहे. या नव्या तिजोरीच्या किल्ल्या किती आहेत, त्या कोणाकडे आहेत आणि तिची प्रत कोठें ठेवली आहे, एवढे तीन प्रश्न प्रत्येक संचालकमंडळानें वर्षांतून एकदां तरी विचारावेत आणि त्यांचीं उत्तरें लेखी घ्यावींत.